आठवड्याला एक शिलिंग

(लंडन. १०, डाऊनिंग स्ट्रीट, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांचं घर आणि कचेरी. काळा दरवाजा. पाऊस. पायरीवर बोका.)

हा लॅरी. पांढरं अंग, त्यावर करडे-तपकिरी पट्टे. त्याला आत जायचंय आणि दार बंद आहे. आता पहाऱ्यावरच्या पोलिसाकडे बघा. तो हात वर करतो, दार ठोठावतो. दार आतून उघडतं आणि लॅरी सावकाश, शेपटी उभी ठेवून आत जातो.

१५ फेब्रुवारी २०११ला तो या घरात आला. त्यानंतर कॅमेरून, मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक अशा पाच पंतप्रधानांनी इथून सामान हलवलं. लॅरीचं बिऱ्हाड मात्र कायम राहिलं, कारण तो कुणा पंतप्रधानाचा पाळीव बोका नाही, कचेरीचा आहे. 'चीफ माउसर टू द कॅबिनेट ऑफिस', म्हणजे उंदीर धरणारा मुख्य कर्मचारी, हे पद अधिकृतपणे मिळालेला तो पहिलाच.

त्याच्या आधीच्या मांजरांना असं पद नव्हतं. त्यांची नोंद सरकारी कागदांत सापडते, तीही बहुतेक खर्चाच्या रकान्यात.

(जुनं कपाट. दोरीने बांधलेली फाइल. शाईचं तिरपं हस्ताक्षर.)

साल १८६८. लंडनची मनीऑर्डर कचेरी. उंदरांचा सुळसुळाट झाला होता. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे काही ना काही कुरतडल्याशिवाय त्याचं चालत नाही. पिल्लांसाठी मऊ घरटंही हवं, आणि त्याला कागदाच्या चुऱ्यासारखी दुसरी गोष्ट नाही. या कचेरीत तर कागदच कागद, आणि त्यातला एकेक कागद म्हणजे दूर कुणीतरी वाट बघत असलेले पैसे.

कचेरीप्रमुखाने वर लिहून पाठवलं : मांजरं ठेवायची आहेत, त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मंजूर व्हावेत.

आलेलं उत्तर सविस्तर आहे. तीन मांजरं ठेवा, पण उमेदवारीवर. त्यांची परीक्षा घ्या. शक्यतो माद्या असाव्यात. त्यांना जास्त खायला घालू नका. दोन शिलिंग मिळणार नाहीत, एक मिळेल. उरलेलं पोट त्यांनी उंदरांवर भरावं. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत, तर या एका शिलिंगातूनही कपात होईल.

(कॅमेरा एका ओळीवर थांबतो.)

हिशेब करून बघा. एका शिलिंगाचे बारा पेन्स. तिघींत वाटले की एकीच्या वाट्याला आठवड्याला चार पेन्स, म्हणजे दिवसाला अर्ध्या पेनीहून जरासे जास्त. मांजराला अर्धपोटी ठेवलं तरच ते शिकार करतं, असं हा शेरा लिहिणारा धरून चालला होता. हा समज आजही घराघरांत आहे, आणि तो चुकीचा आहे. मांजराची शिकार पोटातून सुरू होत नाही, डोळ्या-कानांतून होते. काहीतरी सळसळलं, भिंतीलगत काही पळालं की पोट भरलेलं मांजरही दबा धरतं. भुकेने ही ओढ वाढू शकते, पण शिकारीला भूक लागतेच असं नाही. कुणी मांजराला उपाशी ठेवून त्याला 'कामाला लावत' असेल, तर त्याने हे नीट ऐकावं.

मांजरींनी काम चोख केलं. सहा महिन्यांनी समाधानाचा शेरा पडला. पाहता पाहता इतर टपाल कचेऱ्यांतूनही मागण्या येऊ लागल्या, आणि १८७३मध्ये भत्ता दीड शिलिंग झाला.

(व्हाइटहॉल, लंडनमधला सरकारी कचेऱ्यांचा रस्ता. दगडी इमारती, लांब रिकाम्या मार्गिका, जिने.)

आता गृहखातं. १९२९. इथला काळा बोका पीटर. त्याची अडचण उलटी होती. येता-जाता कर्मचारी त्याला आपल्या डब्यातलं काहीबाही भरवायचे आणि पीटरचं उंदरांवरचं लक्ष उडालं होतं. त्याला कुणी खायला घालू नये, असा हुकूम निघाला. मग पीटरने खायचं काय? ते विचारणारं पत्र अर्थखात्याकडे गेलं. ३ जून १९२९ला ए. ई. बॅनहॅम या अधिकाऱ्याने उत्तर दिलं : कार्यक्षम मांजराच्या पालनपोषणासाठी किरकोळ खर्चातून रोज एक पेनी द्यायला हरकत नाही.

रोज एक पेनी. एका साम्राज्याच्या अर्थखात्याने मांजराच्या जेवणासाठी लेखी मंजुरी दिली आणि ती फाइल जपून ठेवली. या पत्राचं मला फार अप्रूप वाटतं. रक्कम नगण्य आहे, पण जो आपलं काम करतो त्याचं पोट ही आपली जबाबदारी आहे, हे इथे एका सहीने मान्य केलेलं दिसतं. १९३२मध्ये ही रक्कम आठवड्याला दीड शिलिंग झाली.

पीटर १९४६पर्यंत राहिला. दुसरा पीटर वर्षभरात रस्त्यावर गाडीखाली गेला. तिसरा १९५८मध्ये बीबीसीवर दिसला आणि त्याला देशभरातून पत्रं येऊ लागली. त्याच्यानंतर आइल ऑफ मॅनहून बिनशेपटीची पेटा आली.

(जुनं छायाचित्र : थोराड बोका, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा.)

हा टिब्स, 'टिब्स द ग्रेट'. टपाल खात्याच्या लंडनमधल्या मुख्यालयाचा बोका. वजन २३ पौंड, म्हणजे जवळजवळ साडेदहा किलो. चौदा वर्षं त्याने ती इमारत उंदरांपासून मोकळी ठेवली. एवढ्या भरल्या अंगाने! अर्धपोटी मांजराचा सिद्धांत मांडणाऱ्यांना दाखवावा असाच हा फोटो आहे.

टिब्सच्याच काळात, १९५३ साली, टपाल खात्यातल्या मांजरांच्या भत्त्याचा प्रश्न थेट संसदेत निघाला. नायब पोस्टमास्तर जनरल डेव्हिड गॅमन्स यांनी सभागृहात कबूल केलं, की या बाबतीत गोंधळ आहे. ठिकाणागणिक भत्ता वेगळा, आणि उंदरांच्या संख्येवर मोबदला ठरवण्याची योजना काही जमलेली नाही.

टपाल मुख्यालयाचा शेवटचा बोका ब्लॅकी १९८४मध्ये गेला. तोवर कापडी थैल्या जाऊन उंदरांना न कुरतडता येणाऱ्या प्लास्टिकच्या थैल्या आल्या होत्या. नवं मांजर आणलं गेलं नाही.

(काळा-पांढरा बोका. नंबर दहाच्या पायऱ्या. कॅमेऱ्यांचे झोत.)

हम्फ्री. १९८९च्या ऑक्टोबरात हे भटकं मांजर मंत्रिमंडळ कार्यालयात शिरलं आणि तिथलंच झालं. त्याच्यावर वर्षाला सुमारे १०० पौंड खर्च व्हायचे. त्याच कार्यालयाचा उंदीर-कीटक निवारणाचा कंत्राटदार वर्षाला ४,००० पौंड घेत होता आणि त्याने एकही उंदीर पकडला नाही, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात.

१९९४मध्ये रॉबिन पक्ष्याची पिल्लं मारल्याचा आळ त्याच्यावर आला, तेव्हा पंतप्रधान जॉन मेजर त्याच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या वर्षी तो नाहीसा झाला. मेला असं सगळ्यांनी धरलं. प्रत्यक्षात तो लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुक्काम ठोकून होता. तिथल्या लोकांनी त्याला भटकं समजून नवं नावही दिलं होतं.

नोव्हेंबर १९९७मध्ये मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे त्याला निवृत्त केलं गेलं. खरंच निवृत्त, की संपवला? वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली आणि एका खासदाराने तो जिवंत असल्याचा पुरावा मागितला. मग पत्रकारांना दक्षिण लंडनमधल्या एका घरी नेण्यात आलं. त्या घराचा पत्ता जाहीर केला नाही.

(छायाचित्र : हम्फ्री, शेजारी त्या दिवसाची वर्तमानपत्रं. आवाज नाही. पाच सेकंद.)

(मांजरांचा निवारा. पिंजऱ्यांची रांग. जाळीतून बाहेर आलेला पंजा.)

लॅरी लंडनमधल्या बॅटरसीच्या निवाऱ्यातून आला. त्याआधी तो रस्त्यावर होता. परराष्ट्र खात्याचा पामर्स्टन एप्रिल २०१६मध्ये तिथूनच आला, आणि अर्थखात्याचा ग्लॅडस्टनही. मंत्रिमंडळ कार्यालयातली ईव्ही आणि तिचा मुलगा ऑसी ही दोघंही निवाऱ्यातलीच. विकत आणलेलं, उंची जातीचं यात एकही नाही. पामर्स्टन २०२०मध्ये निवृत्त झाला.

(नंबर दहाचं स्वयंपाकघराकडचं दार. बशी. लॅरी खातोय.)

आणि या बशीचा खर्च? १८६८मध्ये टपाल खात्याने एक शिलिंग दिला, १९२९मध्ये अर्थखात्याने रोज एक पेनी दिली. लॅरीसाठी तेवढीही सरकारी तरतूद नाही. पद आहे, सरकारी संकेतस्थळावर त्याची माहिती आहे, पण जेवणाचे पैसे नंबर दहाचे कर्मचारी आपसांत गोळा करतात. बॅनहॅम यांच्यासारखी एक सही आजही पुरेल.

(लॅरी बशी चाटून पुसून मान वर करतो. बाहेर काहीतरी सळसळतं.)