सावली मोजायला दुसरं गाव लागतं

(उदगीरमध्ये प्राथमिक शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

नमस्कार. समोर बसलेले बरेच जण माझ्यासोबतच नोकरीला लागलेले आहेत, काही तर माझ्या हाताखाली शिकलेले आणि आता स्वतः गुरुजी-बाई झालेले, त्यामुळं द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग कसे सांभाळायचे, यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, भरताना रेंज कुठं मिळते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. विषय दिलाय प्राथमिक शाळेत डिजिटल साधनं आणि परदेशी शाळांशी जोडणी. वेळ पाऊण तास. एका साध्या फोनवर हे कसं जमवायचं ते सांगणार आहे, शब्द दिलाय तसा, पण आधी सावलीची गोष्ट सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं त्या सावलीत आहे.

आणि सावलीच्याही आधी एक तक्रार. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

२०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला, त्यानंतर आपल्याकडं लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची लाट आली, आठवतं ना. गावानं पैसे दिले हो, मनापासून दिले. दुष्काळातून नुकतंच उठलेलं गाव, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते २०१६ चं साल, त्या दिवसांत लोकांनी शंभर-दोनशे करून प्रोजेक्टर घेऊन दिला. आणि मी अशी शाळा बघितलीय जिथं तो प्रोजेक्टर कपाटात कापडात गुंडाळून ठेवला होता, वीजबिल थकलं म्हणून लाईन कापलेली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात 'डिजिटल शाळा'. मला त्या गुरुजींचा राग आला नाही. बिल कुणी भरायचं हे ठरवल्याशिवाय वस्तू आणली की असंच होणार.

मग दुसरी लाट आली, परदेशी शाळेशी व्हिडिओ कॉल. आम्हीही केला. नाव कुणाचंच घेत नाही, पण निरोप आला होता की कॉल करा आणि फोटो पाठवा. पंधरा दिवस स्वागतगीत बसवलं, पोरींना नऊवारी, पोरांना फेटे, लेझीम. गणिताचे तास गेले त्यात. कॉल लागला, तिकडची लेकरं हात हलवायली, इकडची हलवायली, व्हॉट इज युवर फेव्हरेट फ्रूट, मँगो, मग आवाज जायला लागला, मग चित्र थांबलं, मग परत हात हलवले. चाळीस मिनिटं. फोटो गेले, ग्रुपवर अंगठे आले, अभिनंदन आलं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी विचारलं, काल ज्यांच्याशी बोललो त्यांच्याबद्दल कोण काय सांगतं? वर्ग गप्प. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, ते गोरे होते."

मला त्या रात्री झोप लागली नाही. आठ-नऊ वर्षांचं लेकरू जगातल्या दुसऱ्या लेकराला पहिल्यांदा भेटलं आणि त्यातून त्याच्या हाती एवढंच आलं. चूक लेकराची नव्हती. आम्ही त्याला दाखवायला नेलं होतं, विचारायला नेलंच नव्हतं. त्याच्याकडं प्रश्नच नव्हता.

तर आता सावली.

२१ मार्चच्या आसपासचा दिवस, दिवस-रात्र सारखी असते तो. मीटरभर लांबीची काठी पटांगणात रोवायची आणि दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची, एवढाच उद्योग. तोच उद्योग त्याच दिवशी फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळच्या एका शाळेतली लेकरं करणार होती. त्यांच्या बाईंशी ओळख स्काईप इन द क्लासरूमवर झाली होती, स्काईपवरून शिक्षकांना एकमेकांशी जोडायची ती सोय. ते स्काईप आता ५ मे २०२५ ला बंदच पडलं. ओळखी राहिल्या, ॲप गेलं. हे जरा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

काठी सरळ उभी पाहिजे, नाहीतर माप चुकतं. सरळ आहे हे कसं ठरवायचं? तिसरीतल्या एका पोराचा बाप गवंडी. पोरगं पळत घरी गेलं आणि बापाचा ओळंबा घेऊन आलं. त्या पोराला वर्षभर मी वाचनात मागं म्हणून बसवत होतो, आणि त्या दिवशी अख्ख्या शाळेला काठी ओळंब्यात कशी धरायची ते त्यानं शिकवलं, मला धरून. दोर हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, बापाकडून शिकलेलं.

बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची ठरली. खडू मातीत उठत नाही, म्हणून लेकरांनी चिंचोके आणले. बारा वाजता एक चिंचोका, बारा-पाचला एक, असं एकपर्यंत. आता आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय की बाराला सूर्य डोक्यावर. पण बाराच्या चिंचोक्यापेक्षा बारा-दहाचा काठीच्या जवळ, त्याच्यापेक्षा बारा-वीसचा जवळ, आणि सगळ्यांत जवळचा निघाला साडेबाराचा. एक पोरगी म्हणली, "गुरुजी, घड्याळ चुकलं का सूर्य चुकला?"

बघा, हा प्रश्न कुठल्याच डिजिटल कंटेंटमधे नाही. आपल्या घड्याळात जी वेळ आहे ती साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, मिर्झापूरजवळची. उदगीर सत्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य एकवीस-बावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, आणि मार्चमध्ये त्यात आणखी सात-आठ मिनिटांची भर पडते. चौथीच्या लेकरांना मी एवढं सगळं सांगितलं नाही, पण मिर्झापूरला सूर्य आधी पोचतो आणि आपल्याकडं नंतर, हे त्यांना चटकन कळलं. एसटीसारखं, एक म्हणाला, आधीच्या गावाला आधी.

आणि अजून एक गोष्ट झाली जी मलाही माहीत नव्हती. एक वाजता मागं सरकून बघितलं तर सगळे चिंचोके एका सरळ ओळीत. दोरी लावल्यासारखे. वर्षात दिवस-रात्र सारखी असते त्या दोनच दिवसांच्या आसपास ती ओळ सरळ येते, बाकी दिवस वाकडी. मी मास्तरकीच्या सव्वीसाव्या वर्षी ते पहिल्यांदा बघितलं, त्याच लेकरांसोबत.

आमची सर्वांत आखूड सावली भरली ३३ सेंटिमीटर. फळ्यावर लिहिली, चौकट केली.

आता तिकडची. फिनलंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, त्यांच्याकडं सूर्य माथ्यावर यायला आपले जवळजवळ चार वाजतात. शाळा सुटायची वेळ झाली. एकही लेकरू जागचं हललं नाही. माझा फोन टेबलावर आणि भोवती अठ्ठावीस डोकी, "गुरुजी, ते मोजायलेत का अजून?" हाच घोष. चार वाजून गेल्यावर फोटो आला. पांढरंशुभ्र मैदान, बर्फ, त्यात काठी आणि बर्फावर पडलेली लांबच लांब निळसर सावली. खाली आकडा, १७४.

आधी कुणाचा विश्वास बसेना. त्यांची काठी मोठी असेल. मग फोटो मोठा करून बघितलं, काठीवर मीटरच्या खुणा होत्या. मग पटांगणात टेपनं १७४ मोजून रेघ ओढली, चौथीतला सगळ्यांत उंच पोरगा तिच्या शेजारी आडवा झाला, तरी रेघ उरली. काठी तेवढीच, सूर्य तोच, दिवस तोच, आणि सावली पाचपटीहून जास्त. का? मग लेकरं भांडायला लागली. सूर्य तिकडून लांब आहे. नाही, तिकडं थंडी आहे म्हणून. नाही, जमीन वाकडी आहे. जमीन वाकडी आहे म्हणणारी मुलगी चौथीतली, चारच दिवसांपूर्वी आईबापासोबत ऊसतोडीवरून परत आलेली, पाच महिने शाळेत नव्हती. मी तिला चेंडू आणि दोन काड्या दिल्या, म्हटलं दाखव. तिनं चेंडूच्या मध्याजवळ एक काडी टेकवली, वर कडेला एक टेकवली, आणि दारातल्या उन्हात चेंडू धरला. झालं. मी बोललोच नाही.

इराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच केलं. इजिप्तमधल्या सायीन गावात विशिष्ट दिवशी भरदुपारी सूर्य विहिरीच्या तळाशी दिसतो, अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, वर्तुळाचा पन्नासावा भाग एवढा कोन, आणि दोन गावांतलं अंतर ५००० स्टेडिया, त्या काळचं माप. त्यावरून त्यानं पृथ्वीचा घेर काढला. पण मला त्यातली एकच गोष्ट दिसते, एका गावात बसून हे गणित सुटत नाही. कितीही हुशार असा, दुसऱ्या गावाचा आकडा लागतोच. माझा हट्ट तेवढाच आहे. परदेशी शाळेशी जोडायचं तर असा प्रश्न घेऊन जोडा जो त्यांच्याशिवाय सुटत नाही आणि आपल्याशिवाय त्यांचाही सुटत नाही. मग नऊवारी लागत नाही, लेझीम लागत नाही. लेझीम खेळा की, शाळेत रोज खेळा, पण ती कॉलसाठी नको.

परत तिकडून प्रश्न आला. आमच्या फोटोत काठीच्या मागं ते पिवळं घर कसलं? घर नव्हतं, कडब्याची गंजी होती. आता कडबा कसा सांगायचा? भाषांतराच्या ॲपनं 'सुकलेलं गवत' सांगितलं तर लेकरं चिडली, गवत काय, ज्वारी आहे ती! मग त्यांनी कणीस, धाट, पेंढी, गंजी अशी चार चित्रं काढली, एकानं मराठीत आवाज रेकॉर्ड केला, पेंढी कशी बांधतात, गंजी वरून निमुळती का करतात, पाणी आत जाऊ नये म्हणून. लिहायचा कंटाळा करणारी पोरं दोन दोन पानं लिहायली, कारण वाचणारं कुणीतरी होतं. मला एवढं कळलं की आपल्या लेकरांकडं सांगण्यासारखं भरपूर आहे, आपणच त्यांना मँगो म्हणायला लावलं.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणतात. बरं.)

मग आता पटापट. ही गोष्ट इंटरनेटनं आणलेली नाही. १९२० च्या दशकात सेलेस्तँ फ्रेने नावाचा फ्रान्समधल्या खेड्यातला प्राथमिक शिक्षक, त्यानं वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं, लेकरं स्वतःचं लिहिलेलं स्वतः छापायची आणि दुसऱ्या गावच्या शाळेला टपालानं पाठवायची. १९८८ ला न्यूयॉर्क आणि मॉस्कोकडच्या शाळा जोडून आयअर्न या शाळांच्या जाळ्याची सुरुवात झाली, शीतयुद्ध संपलेलं नसताना. युरोपात २००५ पासून शाळा जोडणारं ई-ट्विनिंग आहे. आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर, त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं त्यांचं काम सगळ्यांना माहीतच आहे, आता २०१७ पासूनच्या दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपमुळं आपल्या पुस्तकांतही ते चौकोन आहेत, वापरा ते.

एका फोनवर काय करायचं? लाइव्ह कॉलचा नाद सोडा, रेंजही वाचते आणि वेळेचा घोळही. फोटो, आवाज, आकडा पाठवा, ते त्यांच्या वेळेला बघतील, आपण आपल्या वेळेला. लेकरांना मराठीतच बोलू द्या, भाषांतर नंतर आपण करू, ॲपचं भाषांतर तपासल्याशिवाय पाठवू नका. सुरुवात परदेशापासूनच करा असं नाही, नागपूरची नाहीतर सावंतवाडीची शाळा घ्या, सावलीत फरक तिथंही पडतो. लेकरांचे चेहरे, नावं, गावचा पत्ता पाठवायचा नाही, हात आणि काठी दिसली तरी पुरे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची संमती मागतो, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, आयांना आधी दाखवा काय पाठवतोय. आणि सगळं एका ॲपच्या भरवशावर ठेवू नका, समोरच्या शिक्षकाचा ईमेल वहीत लिहून ठेवा, कागदाच्या. स्काईपचं सांगितलंच.

सावलीच नको असेल तर पाऊस मोजा, बाटली कापून पर्जन्यमापक होतो. पोषण आहाराच्या ताटातलं धान्य कुठून आलं ते विचारा. पहिली पेरणी कधी. चिमण्या किती. पण दोन्हीकडं मोजायचं, हे सोडू नका.

दिवस-रात्र पुन्हा सारखी होते ती २२-२३ सप्टेंबरला. आपल्याकडं त्या वेळी सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमाराला, मार्चपेक्षा पंधरा मिनिटं आधी, ढग नसले तर सापडेल, म्हणून एकाच दिवसावर न राहता तीन-चार दिवस काठी रोवून ठेवा. मला या तालुक्यातून दहा शाळा पाहिजेत. तिकडच्या बाई तयार आहेत, त्यांच्याकडं त्या वेळी बर्फ नसेल, गवतावर मोजतील. दारापाशी वही ठेवलीय, गावाचं नाव लिहा आणि पटांगणात बारा ते एक झाडाची सावली येते का मोकळं ऊन असतं, तेवढं लिहा. ओळंबा गावात कुणाकडं तरी असतोच.