वेताळ टेकडीचे मोल कसे काढावे?

श्रोतेहो, नमस्कार. पर्यावरणीय अर्थशास्त्रात एम. ए. करू इच्छिणारे विद्यार्थी हमखास विचारतात, की या विषयाला गणित कितपत लागते. गणित लागतेच, ते कशासाठी लागते, याबद्दल आज बोलणार आहे.

पुण्यातल्या आपल्या वेताळ टेकडीला तिकीट नाही, त्यामुळे बाजारात तिला भावही नाही. १९४७ साली अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांसाठी असे सुचवले, की तिथवर पोहोचायला लोक जो खर्च करतात त्यावरून त्या जागेचे मोल काढावे. ही प्रवासखर्चाची पद्धत पुण्यात लावू गेल्यास पहिलीच अडचण अशी येते, की भल्या पहाटे पौड रस्त्याच्या बाजूने पायी चढणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. मग त्याच्या वेळेला दर लावावा लागतो. तो पगारावरून लावला, तर संगणक अभियंत्याच्या तासापुढे घरकाम करणाऱ्या बाईंचा तास कवडीमोल ठरतो. शिवाय टेकडीत मुरणारे पावसाचे पाणी या हिशेबात कुठेच येत नाही. ही पद्धत टाकाऊ नाही, पण तिची गृहीतके तपासल्याशिवाय आलेला आकडा मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून मोठा प्रश्न डिस्काउंट रेटचा, म्हणजे पुढे होणाऱ्या नफ्यातोट्याची आजची किंमत काढताना ती दर वर्षामागे ज्या दराने कमी धरतात त्या दराचा. पन्नास वर्षांनंतर होणारे एक लाख रुपयांचे नुकसान दहा टक्के दराने आज अवघे ८५२ रुपये भरते, आणि तीन टक्के दराने सुमारे २२,८०० रुपये. नुकसान तेच असते, बदलतो तो फक्त दर. आणि पुढच्या पिढीला किती महत्त्व द्यायचे, हा निर्णय त्या दरातच दडलेला असतो. हवामानबदलावरील २००६ च्या स्टर्न अहवालावर अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांचा मुख्य आक्षेप होता तो याच दरावर. हा वाद ज्याला स्वतः मांडून पाहता येतो, त्याला प्रकल्प अहवालाच्या परिशिष्टातला एखादा आकडा गप्प बसवू शकत नाही.

पुण्यातील विद्यार्थ्यांना यासाठी दूर जायला नको. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली, आणि तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. प्रवेश घेण्याआधी तो ग्रंथालयातून मिळवून वाचावा, आणि ज्या विभागात शेवटच्या सत्रात क्षेत्रपाहणी सक्तीची आहे तोच विभाग निवडावा.