आपापल्या घरासमोरची भिंत

जय ख्रिस्त.

आजच्या मेळाव्याच्या पत्रिकेत दोन विषय छापले आहेत. सकाळी मंडळीचा दृष्टान्त, म्हणजे पुढच्या काही वर्षांत आपल्याला कुठं जायचं आहे ते, आणि जेवणानंतर विश्वासात मुलांचं संगोपन. पाळकसाहेबांना विचारून मी दोन्हींवर एकत्रच बोलणार आहे, कारण पवित्र शास्त्रात हे दोन विषय वेगळे काढलेले मला कुठं सापडत नाहीत. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा हे तीमथ्याला लिहिताना पौल त्याच्या घराकडे बोट दाखवतो. ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, असं तो विचारतो. आपल्याकडे कमिटीची निवडणूक होते तेव्हा मतदारयादीत नाव आहे का, वर्गणी भरली आहे का, हे पाहिलं जातं. पौलाचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि तो विचारायला आपण सगळेच घाबरतो.

मी आज जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घेतला आहे. नहेम्या म्हणजे पारसच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी, ज्यानं यरुशलेमेची भिंत पुन्हा बांधून घेतली. तो उपासनेत सहसा वाचला जात नाही, कारण त्यात नावांमागून नावं आहेत. यरुशलेमेची भिंत पडलेली, वेशी जळालेल्या, आणि कुणी कोणता भाग बांधला याची ही यादी. सावकाश वाचली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. यदायानं आपल्या घरासमोर डागडुजी केली. बन्यामीन आणि हश्शूब यांनी आपल्या घरासमोर केली. याजकांनी आपापल्या घरांसमोर केली. मशुल्लामानं आपल्या खोलीसमोर केली. सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं तयार करणारे आहेत, म्हणजे ज्यांनी आयुष्यात दगड उचलला नसेल अशी माणसंही आहेत. आणि शल्लूम नावाचा एक अधिकारी आहे, तो आपल्या मुलींना घेऊन कामाला आला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बांधकामाच्या यादीत मुलींची नोंद आहे! ज्यानं ही यादी केली त्याला त्या मुली गाळाव्याशा वाटल्या नाहीत, याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटतात.

ही भिंत बावन्न दिवसांत पूर्ण झाली. प्रार्थना तर होतीच, शूशनच्या राजवाड्यात नहेम्या उपास करून रडला ते पहिल्याच अध्यायात आहे. पण कामाची वाटणीही पाहा. भिंतीचा जो तुकडा पडला तर शत्रू थेट माझ्या अंगणात येणार, तोच तुकडा माझ्या हातात दिलेला. तिथं कोण कच्चं काम करील?

त्याआधीचं नहेम्याचं वागणं पुढाऱ्यांनी नीट पाहावं. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस तो काहीच बोलत नाही. मग रात्री थोडी माणसं आणि एक जनावर घेऊन बाहेर पडतो. भिंतीच्या कडेनं जातो, एका ठिकाणी ढिगाऱ्यामुळं जनावराला वाटच मिळत नाही. सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तो लोकांना बोलावतो, आणि बोलतानाही तुमची भिंत पडली असं म्हणत नाही. राजाच्या पदरी सुखात राहिलेला हा माणूस त्या अप्रतिष्ठेत स्वतःलाही धरतो. लोक उत्तर देतात, चला, उठा, बांधू या. निर्णय लोकांच्या तोंडून आला आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. दृष्टान्त आधी ठरतो, फ्लेक्स छापून होतो, मग उपासनेनंतर सर्वसाधारण सभा. सेक्रेटरी ठराव वाचतात, कुणीतरी अनुमोदन देतं, घरी मटण शिजत असतं म्हणून हात पटापट वर जातात. सहा महिन्यांनी पाळकसाहेब वेदीवरून विचारतात की कामाला माणसं का येत नाहीत. येतील कशी? त्यांच्या दारात कुणी गेलेलंच नाही. ज्या घरात मुलाची कॉलेजची फी थकली आहे, ज्या घरातले दोघं भाऊ जमिनीवरून बोलत नाहीत आणि तरी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात, तिथला ढिगारा दृष्टान्त लिहिणाऱ्यांनी पाहिलेला नाही.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात नेमकं हेच उफाळून येतं. भिंत अर्धी झाली असताना बायाबापड्या ओरडत येतात की आमची शेतं गहाण पडली, पोटच्या मुलामुलींना दास करायची वेळ आली, आणि सावकार आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या सरदारांना समोर उभं करतो, व्याज सोडायला लावतो, शेतं परत करायला लावतो. स्वतः बारा वर्षं अधिपतीचा भत्ता घेत नाही. बांधकामाच्या घाईत हे नंतर बघू असं त्याला सहज म्हणता आलं असतं. ज्यांची लेकरं गहाण आहेत त्यांच्याकडून देवाच्या नगराची भिंत बांधून घेणं त्याला मान्य नव्हतं.

आता आपल्या महाराष्ट्रातलं बघू. दोन माणसं घेते, दोघंही आपल्याला घरच्यासारखी.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या, पुढं काही वर्षं संसार दुभंगलेला राहिला. पण लक्ष्मीबाई प्रभूकडे आल्या त्या स्वतःच्या विचारानं, जातीचं ओझं स्वतः उतरवून. टिळकांनी त्यांना ओढत आणलं नाही. इतक्या तापट माणसानं या एका बाबतीत धीर धरला, हे मला त्यांच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं. घरातल्या माणसाचा विश्वास जबरदस्तीनं येत नाही हे त्यांना कळलं होतं.

त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एकत्र, भारतीय रीतीनं. एवढं मोठं स्वप्न मराठी ख्रिस्ती समाजात क्वचितच कुणी पाहिलं असेल. पण १९१९ साली टिळक गेले आणि दरबार टिकला नाही. त्यांना दोन वर्षंही मिळाली नाहीत, त्यामुळं दोष द्यायचा नाही. तरी मला वाटतं, ते स्वप्न अजून त्यांच्या एकट्याच्या छातीत होतं, दुसऱ्यांच्या हातात पोचलं नव्हतं. उलट त्यांची भजनं पाहा. ती त्यांनी लोकांच्या तोंडी दिली, आणि आज कुठल्याही मराठी मंडळीत रविवारी उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडलं की टिळक भेटतात. अक्षर न येणाऱ्या आजीलाही ती पाठ असतात.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या. तिथं त्या मुलींना नुसतं सांभाळलं नाही. शेती, विणकाम, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, छापखाना, सगळं त्यांच्या हातात दिलं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि त्याचे छपाईचे खिळे केडगावच्या त्या आश्रमातल्या, म्हणजे मुक्ती मिशनमधल्या, बायका जुळवत होत्या. ज्यांना घरादारानं टाकलं होतं त्यांच्या बोटांना शाई लागलेली, आणि त्या शाईतून देवाचं वचन उमटत होतं. रमाबाईंची मुलगी मनोरमा आईच्या खांद्याला खांदा लावून काम करायची. काम तीच पुढं नेणार असं सगळ्यांना वाटे. १९२१ साली मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. एका वर्षाच्या आत मायलेकी दोघी नाहीत. तरी बायबल १९२४ साली छापून बाहेर आलं आणि मुक्ती मिशन आजही केडगावात उभं आहे. इतक्या जणींनी आपापला तुकडा उचलला होता की एक घर कोसळून भिंत पडली नाही.

वेळ लागतो, हेही सांगायला हवं. उत्तर भारताच्या मंडळीची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, सहा निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या. त्यासाठीची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या कितीतरी जणांनी शेवट पाहिला नसेल. आपल्याला मात्र तीन वर्षांच्या मुदतीत सगळं हवं असतं, कारण पुढची निवडणूक येते.

आता मुलं. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन इथं सगळ्यांना पाठ आहे. घरी बसलेले असा, वाटेनं चालत असा, निजता उठता ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. पण त्याच अध्यायात पुढं विसावं वचन आहे, ते आपण सोडून देतो. तिथं मुलगा बापाला विचारतो की या आज्ञांचा अर्थ काय? मूल विचारणारच, हे देवानं धरूनच ठेवलं आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, वेळी तेच, यार्देन नदीतून काढलेल्या बारा धोंड्यांच्या वेळी तेच, तुमची मुलं विचारतील तेव्हा असं सांगा. आणि बापानं सांगायचं काय? आम्ही मिसरात दास होतो आणि परमेश्वरानं आम्हाला बाहेर काढलं. बापाकडून देव धर्मशास्त्राचा तास मागत नाही, त्याच्या घराण्याची हकिकत मागतो.

माझ्या ओळखीच्या एका घरात संध्याकाळच्या प्रार्थनेची पाळी लावलेली आहे. ज्याची पाळी तो गीत निवडतो, वचन वाचतो, कुणासाठी प्रार्थना करायची ते ठरवतो. दहा वर्षांच्या मुलीची पाळी होती आणि मी तिथं पाहुणी होते. कुकरची शिट्टी व्हायची राहिली होती, म्हणून आई दारातच उभी. मुलीनं तेविसावं स्तोत्र वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "पप्पा, आजोबांसाठी आपण रोज प्रार्थना केली, मग ते का गेले?" मला वाटलं, आता तिला गप्प करतील, पाहुणे बसलेत. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते मलाही कळलेलं नाही, बाळा. पण शेवटच्या रात्री दवाखान्यात आजोबा काय म्हणत होते ते तुला सांगितलं नाही मी." आणि त्यांनी सांगितलं. आजोबांना दम लागत होता, तरी ते ओठांनी गीत म्हणत होते, आणि दुसरं कडवं विसरले तेव्हा नर्सला विचारत होते की तुला येतं का. मुलगी हसली. आईनं गॅस बंद केला आणि आत येऊन बसली. संडे स्कूलमध्ये मी इतकी वर्षं शिकवते, पण त्या संध्याकाळी त्या मुलीला जे मिळालं ते माझ्या वर्गात मिळालं नसतं.

नहेम्याच्या शेवटच्या अध्यायात एक वेदनेचा प्रसंग आहे. त्याला अशी मुलं दिसतात ज्यांना अश्दोदी भाषा येते, यहूदी बोलता येत नाही. तो संतापतो, त्यांच्या बापांना मारतो, केस उपटतो. ज्याला मी इतका वेळ वाखाणलं त्याचं हे वागणं मला पटत नाही, आणि ते शास्त्रात आहे म्हणून अनुकरण करायचं असंही नाही. पण त्याचं दुःख आपलंही आहे. इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुलं उपासनेत मोबाइल बघतात, कारण समोरच्या पुस्तकातलं मराठी त्यांना वाचताच येत नाही. त्यावर आपण आईबापांना टोमणे मारतो, तोही केस उपटण्याचाच प्रकार. टिळकांचं एक भजन आठवड्याला घरी म्हटलं तर वर्षात पन्नास होतात. चाल आली की शब्द येतात, मग अक्षरं ओळखीची वाटतात.

पुढारी मंडळींशी थोडं कठोर बोलते. याजक एलीनं देवाच्या मंदिरात आयुष्य घालवलं, आणि त्याचे मुलगे हफनी व फिनहास लोकांच्या अर्पणातलं मांस हिसकावत होते. एलीनं त्यांना समजावलं, पण आवरलं नाही. ते घर जवळून पाहत शमुवेल मोठा झाला, देवाचा निरोप त्यानंच एलीला सांगितला. आणि शमुवेलाचेच मुलगे पुढं बैर-शेब्यात लाच खाऊ लागले. तो दरवर्षी बेथेल, गिलगाल, मिस्पा असा फिरून न्याय करत असे. घरी किती असे, शास्त्र सांगत नाही. पण आठवड्यातल्या पाच संध्याकाळी कमिटी, उपकमिटी आणि ट्रस्टच्या बैठकांत घालवणाऱ्या भावांना मी विचारते, तुमच्या मुलांना चर्च म्हणजे काय वाटत असेल? बाबांना घेऊन जाणारी आणि चिडलेले परत पाठवणारी जागा. जेवणाच्या ताटावर पाळकांची आणि विरोधी गटाची उणीदुणी काढली जातात, ती मुलं ऐकतात. तरुण संघात मुलं का येत नाहीत याची चौकशी समिती नेमण्याआधी ते ताट आठवावं. आणि ज्या घरी वडील विश्वासात नाहीत किंवा येत नाहीत, त्या बहिणींनी खचू नये. तीमथ्याचा बाप ग्रीक होता. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, असं पौल नावं घेऊन लिहितो.

आता मागणं. जेवणानंतर आपण गटांत बसणार आहोत आणि दृष्टान्ताचा मसुदा चर्चेला येणार आहे. प्रत्येक गटात दृढीकरण (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) न झालेलं एक तरी मूल बसवा, आणि पहिलं त्याला बोलू द्या. त्याच्यासमोर मंडळीचा जमाखर्च ठेवायला संकोच वाटला तर तो का वाटतो ते तिथंच बोला. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात एकही बैठक होणार नाही, ती वेळ घरच्या प्रार्थनेची, असा ठराव आजच घ्यावा अशी माझी सेक्रेटरींना विनंती आहे. आणि मसुद्यातल्या प्रत्येक कलमापुढं एका कुटुंबाचं नाव लिहा, त्या कुटुंबाला विचारून. ज्या कलमापुढं नाव मिळणार नाही ते यंदा छापू नका.