सापडला तर चोर

१९ जून १९४९ रोजी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनामधल्या शार्लट इथे, पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर एक शर्यत झाली. नासकार ही रोजच्या विक्रीतल्या गाड्यांसारख्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी अमेरिकी संस्था. आज आपण जिला नासकारची कप मालिका म्हणतो, तिची ही पहिलीच शर्यत. २०० फेऱ्या संपल्या तेव्हा ग्लेन डनवे तीन फेऱ्यांच्या आघाडीने पहिला आला होता. मग गाडी तपासणीला घेतली आणि मागच्या स्प्रिंगा भलत्याच निघाल्या. त्या काळी तिकडे डोंगरातली हातभट्टीची दारू गाडीत भरून रातोरात शहरात पोचवायचा धंदा जोरात होता. एवढं ओझं घालूनही गाडी मागून बसू नये, वळणावर झुलू नये, म्हणून स्प्रिंगा कडक करून घेत. डनवेने चालवलेली १९४७ची फोर्ड त्याच धंद्यातली होती. डनवे बाद झाला आणि दुसरा आलेला जिम रोपर विजेता ठरला. गाडीचा मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलंड दहा हजार डॉलरचा दावा घेऊन कोर्टात गेला आणि हरला. नियम करायचा आणि पाळायला लावायचा हक्क नासकारचा, हे तिथे ठरलं.

थोडक्यात, या मालिकेचा पहिलाच निकाल ट्रॅकवर लागला नाही, तपासणीच्या शेडमध्ये लागला. मी आज लबाडीच्या पुष्कळ गोष्टी सांगणार आहे, कारण त्या सांगायला मजा येते. पण मला खरं बोलायचंय ते दंडाबद्दल. दंड केवढा, तो कोणी भरायचा आणि त्यातून जिंकलेल्याच्या हातात काय उरायचं, यावर या खेळातली लबाडी पोसली गेली असं माझं मत आहे.

तुमच्यापैकी बरेच जण बाहा किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधतात. प्रत्येक टीममध्ये नियमपुस्तिका उघडून “पण करू नका असं कुठे लिहिलंय?” असं विचारणारा एकजण असतोच. स्मोकी युनिक हा त्या सगळ्यांचा कुलगुरू. डेटोना बीचवर त्याचं गॅरेज होतं आणि गावात याच्या तोडीचं गॅरेज नाही अशी पाटी त्याने स्वतःच लावली होती. त्याची प्रसिद्ध गोष्ट इंधनाच्या नळीची. टाकी २२ गॅलनपेक्षा मोठी नको असा नियम होता. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. युनिकने ११ फूट लांब, दोन इंच जाडीची नळी वेटोळी करून बसवली आणि पाच गॅलन जादा पेट्रोल नेलं, असं सांगतात.

आता तुम्ही इंजिनिअरिंगवाले आहात, तर हिशेब करा. दोन इंच व्यास, १३२ इंच लांबी. आकारमान येतं साधारण ४१५ घन इंच. गॅलनला २३१ घन इंच धरले तर पावणेदोन गॅलनच्या जरा वर. पाच गॅलन बसवायचे तर नळीचा व्यास सव्वातीन इंचांच्या पुढे न्यावा लागतो. तेव्हा गोष्टीत थोडी भेसळ आहे. पण पावणेदोन गॅलन म्हणजे सुद्धा सहा-सात लिटर होतात, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी पेट्रोल भरायच्या जागी, एकदा कमी थांबायला तेवढे पुरे होऊ शकतात.

त्याच्या नावावर आणखी एक आख्यायिका आहे. १९६८ साली डेटोनाला तपासनिसांनी त्याच्या शेव्हेल गाडीची टाकी बाहेर काढली आणि दुरुस्त्यांची भली मोठी यादी हातात ठेवली. युनिक गाडीत बसला, यादीत अजून एक वाढवा म्हणाला, आणि टाकी जमिनीवर तशीच ठेवून गाडी चालवत गॅरेजला निघून गेला. ही गोष्टही सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. ती गाडी त्या शर्यतीत धावली नाही, एवढं मात्र पक्कं.

वजनाचा खेळ वेगळा. गाडीचं किमान वजन ठरलेलं असतं, पण हलकी गाडी पळते चांगली. मग डॅरेल वॉलट्रिप या ड्रायव्हरच्या गाडीत सांगाड्याच्या पोकळ नळीत शिशाच्या गोळ्या भरायचे. काट्यावर वजन बरोबर भरलं की शर्यत सुरू झाल्यावर एक खटका ओढायचा, गोळ्या ट्रॅकवर सांडायच्या. वॉलट्रिप हे पुढे स्वतःच हसत हसत सांगत असे. त्या पिढीत नियम वाकवण्यात ज्याचं नाव पहिल्या दोन-चारांत घेतलं जाई तो गॅरी नेल्सन. १९८३ साली बॉबी ॲलिसनला विजेतेपद मिळवून देणारा हा क्रू चीफ, म्हणजे गाडी तयार करणाऱ्या चमूचा प्रमुख. १९९०च्या दशकात नासकारने त्यालाच तपासणीचा प्रमुख नेमलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसं. काम मात्र त्याने चोख केलं. कुठे हात घालून बघायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

पण तपासनिसाला दिसतं म्हणून तो पकडतोच असं नाही. १९६६ साली इंजिनाच्या नियमावरून फोर्ड कंपनीने नासकारवर बहिष्कार टाकला. फोर्ड नाही म्हणून प्रेक्षक घटायला लागले. ऑगस्टमध्ये अटलांटाला ज्युनियर जॉन्सनने एक पिवळी फोर्ड आणली. छप्पर खाली आणलेलं, समोरची काच मागे झुकवलेली, नाक उतरतं आणि शेपूट वर चढवलेली. मागल्या बाकावरच्या पोरालाही कळेल की ही शोरूममधली गाडी नव्हे. लोकांनी तिचं नाव पिवळं केळं ठेवलं. तपासणीत ती पास झाली! त्याच तपासणीत दुसऱ्यांच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. फ्रेड लोरेन्झनने ती चालवली, आघाडीवर असताना भिंतीवर घातली, आणि पुन्हा आणू नका असा निरोप आला. संस्थापक बिल फ्रान्स यांना त्या दिवशी ट्रॅकवर फोर्ड हवी होती, म्हणून ती पास झाली. दुसरं कारण मला दिसत नाही.

याच फ्रान्स यांचं एक धोरण होतं: पैसे देऊन आलेला प्रेक्षक घरी जाताना कोण जिंकलं ते त्याला माहीत असलं पाहिजे. ऐकायला किती रास्त! पण त्याचा अर्थ असा की शर्यतीनंतर गाडीत काहीही सापडो, जिंकलेला जिंकलेलाच राहणार. १९६० नंतर कप मालिकेत पहिल्या आलेल्याची जीत काढून घेतली गेली ती थेट २०२२ साली. मधली ६२ वर्षं दंड ही फक्त किंमत होती, आणि ज्याला परवडे तो ती मोजत असे.

ऑक्टोबर १९८३, शार्लट. रिचर्ड पेटी, या खेळाचा अनभिषिक्त राजा, जिंकला. तपासणीत इंजिन निघालं जवळजवळ ३८२ घन इंचांचं. मर्यादा होती ३५८. शिवाय डाव्या बाजूचे टायर उजव्या बाजूला लावलेले. ओव्हल ट्रॅकवर गाडी कायम डावीकडेच वळते, सगळा भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून उजवे टायर कडक रबराचे देतात. तिथे डावे, मऊ टायर लावले की पकड वाढते. म्हणजे एकाच गाडीत दोन गुन्हे, आणि दोन्ही वेग वाढवणारे. जबाबदारी इंजिन बांधणाऱ्या भावाने, मॉरिसने, स्वतःवर घेतली. दंड ३५ हजार डॉलर, आणि वर्षाचं विजेतेपद ज्यांवर ठरतं त्या गुणांतले १०४ गुण कापले. जीत कायम. पेटींच्या २०० विजयांमध्ये ती १९८वी म्हणून आजही मोजली जाते.

आता १९९०चा मार्क मार्टिन बघा. फेब्रुवारीत रिचमंडला तो जिंकला. कार्ब्युरेटरखालचा स्पेसर, म्हणजे त्याला उंची देणारा तुकडा, दोन इंचांऐवजी अडीच इंचांचा निघाला. तोच जादा तुकडा बोल्टने न बसवता वेल्ड केला असता तर चाललं असतं, असा टीमचा युक्तिवाद होता, आणि वेगात त्याने फरक पडला असं म्हणणारे फार थोडे होते. दंड ४० हजार डॉलर आणि ४६ गुण. वर्षाअखेरीस डेल अर्नहार्टने विजेतेपद घेतलं, २६ गुणांनी. मार्टिन पुढे बरीच वर्षं शर्यती खेळला, पण कप मालिकेचं विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. पेटी आणि मार्टिन यांच्या शिक्षा शेजारी ठेवल्या की मला अजून चीड येते.

नंतर काळ बदलला. गाडीचा आकार तपासायच्या साच्यांच्या जागी २०१८पासून कॅमेरे आणि प्रोजेक्टर गाडीचा सगळा पृष्ठभाग मोजू लागले. २०१९च्या फेब्रुवारीत नासकारने जाहीर केलं की यापुढे पहिला आलेला दोषी ठरला तर तोही बाद. २०२२ला नवी गाडी आली, तिचे बहुतेक भाग ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचे, स्वतः घडवायचे नाहीत. त्याच वर्षी २४ जुलैला पोकोनोला डेनी हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला. दोघे एकाच मालकाचे, जो गिब्ज यांचे. नाकावरचं रंगीत आवरण सोललं तर खाली चिकटपट्टीचा जादा तुकडा, साधारण दोन इंच रुंद आणि साडेपाच इंच लांब. दोघेही बाद. तिसरा आलेला चेस एलियट विजेता. गिब्ज यांनी दादही मागितली नाही. पट्टीने किती वेग वाढला असेल हा प्रश्न मला तिथे गौण वाटतो. ६२ वर्षांत पहिल्यांदा किंमत मोजून जीत ठेवून घेता आली नाही.

इथवर मी यंत्रातल्या लबाडीबद्दल बोललो, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे बघताना माझ्या ओठांवर थोडं हसू असतं. रिचमंडच्या बाबतीत ते राहत नाही. ७ सप्टेंबर २०१३. विजेतेपदाच्या अंतिम टप्प्यात कोण जाणार हे ठरवणारी शेवटची शर्यत. सात फेऱ्या उरल्या असताना रायन न्यूमन आघाडीवर होता. तो जिंकला असता तर मार्टिन ट्रुएक्स बाहेर जाणार होता. ट्रुएक्सचा सहकारी क्लिंट बोयर. टीमकडून रेडिओवरून बोयरला विचारलं गेलं, “हात दुखायला लागलाय का? आत गरम होत असेल ना.” मग, “खाजव.” आणि पुढच्याच क्षणी बोयरची गाडी गरकन फिरली. पिवळा बावटा लागला, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करून एकामागोमाग यावं लागलं, आणि न्यूमनची आघाडी गेली. वर तिसरा सहकारी ब्रायन व्हिकर्स याला कारण नसताना पिटमध्ये बोलावलं गेलं. गाडी मुद्दाम फिरवली हे सिद्ध झालं नाही, बोयरने ते नाकारलं. व्हिकर्सला बोलावण्यावरून मात्र या तिघांच्या, म्हणजे मायकल वॉलट्रिप यांच्या, टीमला तीन लाख डॉलर दंड झाला, ट्रुएक्स बाहेर, न्यूमन आत, आणि जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून जादा जागा दिली. मुख्य प्रायोजकाने हात काढून घेतला. २०१५च्या अखेरीस ती टीम बंद पडली. लोकांनी पेटींना माफ केलं, यांना केलं नाही. मला यात विसंगती दिसत नाही. इंजिन मोठं केलं तरी शर्यत पळावी लागतेच.

नोव्हेंबर २०२४ला मार्टिन्सव्हिलला हेच पुन्हा घडलं. विल्यम बायरनला गुण टिकवता यावेत म्हणून त्याच्याच कंपनीच्या दोन शेव्हरले त्याच्या मागे आडव्या राहिल्या, तर टोयोटा चालवणाऱ्या क्रिस्टोफर बेलच्या बाजूने एक टोयोटा संथ झाली. तीन टीम आणि तीन ड्रायव्हर, प्रत्येकी एक लाख डॉलर. ज्याचा फायदा झाला तो बायरन विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत राहिला.

त्या वर्षाचा विजेता जोई लोगानो. फेब्रुवारीत अटलांटाला पात्रता फेरीच्या वेळी त्याच्या डाव्या हातमोज्याच्या बोटांमध्ये जाळी शिवलेली आढळली होती. खिडकीपाशी हात धरला की हवा अडते, म्हणून. दहा हजार डॉलर दंड. ऑक्टोबरमध्ये एका शर्यतीनंतर गुण कमी पडून तो विजेतेपदाच्या स्पर्धेतून बाहेर गेला होता. त्याच संध्याकाळी ॲलेक्स बोमनची गाडी शर्यतीनंतर काट्यावर चढवली, ती किमान वजनात बसली नाही. बोमन बाद, लोगानो आत. पुढच्याच रविवारी तो लास व्हेगासला जिंकला आणि तीन आठवड्यांनी फीनिक्सला करंडक घेऊन गेला.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत हात वर आहे, तिथून सुरुवात करू.