समिती आधी, तक्रार नंतर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘तक्रार आल्यावर चौकशी कशी करावी’. त्याकडे येणारच आहे. पण समोर काजू कारखानदार आहेत, हॉटेलवाले आहेत, मिरकरवाड्याचे मासळीवाले आहेत, तेव्हा आधी लैंगिक छळाची तक्रार ऐकणाऱ्या समितीबद्दल बोलू द्या. चौकशी बिघडते ती बहुतेक वेळा समिती नेमतानाच.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ चा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती लेखी आदेशाने नेमायची. इथेच पहिली गफलत होते. “आमच्याकडे बायका तीनच आहेत हो!” अहो, नुसत्या बायका मोजायच्या नाहीत, सगळी माणसं मोजायची. रोजंदारीवरची, कंत्राटदाराने आणलेली, शिकाऊ पोरंसुद्धा. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात हजेरीपटावर सहा नावं असतील आणि बी फोडायला, सोलायला कंत्राटदाराच्या पंधरा बायका येत असतील, तर आकडा एकवीस होतो. मे महिन्यात मालवणच्या हॉटेलात जादा वाढपी घेता, तेही धरा. आणि बायकांना गावागावांतून आणणारा तुमचा टेम्पो? तेही कामाचंच ठिकाण. तिथे ड्रायव्हर किंवा मुकादम काही बोलला, तर “ते रस्त्यावरचं आहे” म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता समितीत कोण? अध्यक्ष महिलाच, आणि तुमच्याकडची वरिष्ठ. तशी कोणी नसेल तर तुमच्या दुसऱ्या शाखेतून किंवा दुसऱ्या संस्थेतून घ्या, कायद्यात सोय आहे. कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, आणि एक बाहेरचा. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

बाहेरच्या सदस्याबद्दल मला फार बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच चालते. आदेशाचा नमुना कुठून तरी उतरवायचा आणि त्या रकान्यात मालकाच्या वहिनीचं नाव टाकायचं. ही व्यक्ती ठेवली आहे ती समितीवर मालकाचं वजन पडू नये म्हणून. महिलांच्या प्रश्नांवर काम करणारी संस्था, त्यातलं माणूस किंवा हा विषय जाणणारी व्यक्ती हवी. हा विषय जाणणारा वकीलही चालतो. चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीत वकील आहेत, महिला संस्था आहेत. आधी भेटा, संमती लेखी घ्या. नियमाप्रमाणे भत्ता रोजचे दोनशे रुपये आणि प्रवासखर्च. तो मालकाने द्यायचा. दोनशे रुपयांत दिवस मोडून कोण येणार? म्हणून जास्त द्या, पण कामाचे द्या. निकालाशी त्याचा संबंध नको.

आदेश भिंतीवर लावा, शिक्षेच्या माहितीसकट, दिसेल असा. ऑफिसच्या काचेआड इंग्रजीत लावला तर कोळंबी सोलणाऱ्या बाईला काय कळणार? मराठीत, मोठ्या अक्षरात, जिथे डबे उघडतात तिथे लावा. समिती नेमली नाही तर दंड पन्नास हजारांपर्यंत. पुन्हा दोषी ठरलात तर दुप्पट, आणि परवान्यावर गदा. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता आणि फोनही त्याच कागदावर हवा.

वेळ संपत आला, चिठ्ठी आली आहे. चौकशीचं भराभर सांगतो. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून देणं समितीचं काम. ती मालवणीत सांगेल तर मालवणीतच उतरवा, तिचे शब्द बदलू नका. सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याला, त्याला उत्तरासाठी दहा. तिने लेखी मागितलं तर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. समेट करायचा तर तिने मागितला तरच, आणि पैशांच्या बोलीवर कधीच नाही. सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तिघं हजर हवीत, वकील नकोत.

चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, मालकाची कारवाई साठ दिवसांत. मुदत आहे म्हणून घाई मात्र करू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बडतर्फीच रद्द केली, कारण समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या आणि बचावाची पुरेशी संधी दिली नाही. चौकशी पुन्हा समितीकडे गेली. म्हणजे तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचीही इतकी वर्षं गेली.

आणि तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, तेवढ्यासाठी तक्रार करणाऱ्या बाईवर कारवाई करता येत नाही. नावं बाहेर फोडू नका. समितीचा वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जायलाच हवा. एकही तक्रार नसेल तर ‘शून्य’ लिहून पाठवा.