एकस्तरचा पगार आणि सेवापुस्तकातली रिकामी ओळ

मंडळी, आज बोलायचं आहे एकस्तरबद्दल, म्हणजे आदिवासी भागातल्या शिक्षकाला मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीबद्दल, आणि बदलीनंतर तिच्यावरून निघणाऱ्या वसुलीबद्दल. शिक्षकाचा पगार जिल्हा परिषद ठरवते, हा समज आधी सोडू. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, जिल्हा परिषद पगार वाटते. दर ठरतो मंत्रालयात. पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, घटला म्हणून पगार घटत नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदं ठरतात तेव्हा, पद उडतं आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो.

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवकाची. प्राथमिकचं मानधन ६,००० होतं, १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. नंतर सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातला एस-१० हा स्तर, म्हणजे सुरुवातीचा मूळ पगार २९,२००.

जुन्या शिक्षकांचं सातव्या आयोगात काय झालं? ३१ डिसेंबर २०१५ चा, म्हणजे सहाव्या आयोगातला, बँडमधला पगार अधिक ग्रेड पे, गुणिले २.५७. समजा ११,३६० अधिक २,८००, म्हणजे १४,१६०. गुणाकार येतो ३६,३९१. एस-१० च्या तक्त्यात हा आकडा नाही, म्हणून वरचा टप्पा, ३७,०००. पुढची वेतनवाढ ३८,१००. म्हणजे त्या एका दिवसाचा पगार चुकला, तर पुढचा प्रत्येक टप्पा चुकतो. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. दोन्हींना प्रशिक्षण लागतं आणि निवड श्रेणी सगळ्यांना मिळत नाही.

आता आपल्याकडचा खरा गुंता, एकस्तर. अक्कलकुवा, धडगावसारख्या आदिवासी भागात काम करणाऱ्याला ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, पण तिथे असेपर्यंतच. सपाटीवर बदली झाली की मूळ श्रेणीत परत. परत म्हणजे कुठे? तो तिथे गेलाच नसता तर आज ज्या टप्प्यावर असता, तिथे. तो टप्पा काढायला सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीत, मूळ श्रेणीचा काल्पनिक पगार दरवर्षी शेजारी लिहिलेला लागतो. बहुतेक घोळ इथेच होतो, कारण ती ओळ कोणी लिहीतच नाही. मग बदलीनंतरही शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर वाढीव मूळ पगार चालू राहतो, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडंही चढतं, आणि वेतन पडताळणी पथकाच्या हाती सेवापुस्तक गेलं की एकदम वसुली निघते. तोवर निवृत्ती जवळ आलेली असते!

वसुलीची नोटीस आली की हातपाय गाळू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रफिक मसीह निकालाने वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याकडून (आपण शिक्षक यातच), निवृत्ताकडून किंवा निवृत्तीला वर्ष उरलेल्याकडून अशी वसुली रोखली आहे. मात्र २०१६ च्या जगदेव सिंग निकालात, जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याला ती सवलत मिळाली नाही. वेतननिश्चितीच्या वेळी कागदांच्या गठ्ठ्यात आपण काय सही केली, ते आधी पाहा. बदलीचा आदेश हाती पडल्या दिवशीच गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज द्या: एकस्तर बंद करून मूळ श्रेणीत वेतननिश्चिती करावी. त्यावर पोच घ्या, आणि दुय्यम सेवापुस्तकातही, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीतही, नोंद करून घ्या.