गोदाकाठी नव्याने आलेली माणसे

नमस्कार, श्रोतेहो.

कार्तिक शुद्ध षष्ठीला संध्याकाळी गोदाघाटावर गेलात, तर पाण्यात उभे राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देणारी बिहार आणि उत्तर प्रदेशातली कुटुंबे दिसतात. सातपूर-अंबडचे कारखाने आणि शहरातली बांधकामे या कुटुंबांतल्या पुष्कळांच्या श्रमावर चालतात. तरीही २००८ साली अशाच शेकडो कामगारांना मारहाणीच्या भीतीने नाशिक सोडून गावाकडची रेल्वे गाठावी लागली होती, हे मला विसरता येत नाही.

बाहेरून आलेल्यांना सामावून घेणे या शहराला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ख्रिस्ती मिशनने शरणपूर येथे आसरा दिला. तेथे शिकलेला जेकब वेनराइट, १८७३ मध्ये आफ्रिकेत मरण पावलेले मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत होता. शरणपूर रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना ही हकीकत ठाऊक असेल?

पण केवळ इतिहासाच्या अभिमानावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ज्यांना दार बंद होते ती माणसे परकी नव्हती. याच मातीतली आणि त्याच रामाचे दर्शन मागणारी होती. माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची सवय आपण आधी आपल्याच माणसांवर गिरवली आहे.

राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला देशात कोठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला. पंचविसावे कलम तर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्मपालनाचे स्वातंत्र्य केवळ नागरिकांना नव्हे, सर्व व्यक्तींना देते. मात्र आडनाव ऐकताच "खोली आताच गेली" असे सांगणाऱ्या घरमालकाच्या दारापाशी हे हक्क अडखळतात, आणि तो कामगार मग आपल्याच लोकांच्या दाट वस्तीत राहू लागला, की तोच माणूस मिसळत नाही अशी तक्रार आपण करतो.

येथे राहणाऱ्याने मराठी शिकावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते. परंतु भाषेची अपेक्षा करताना त्याच्या पूजेवर, नमाजावर किंवा प्रार्थनेवर बोट ठेवण्याचे कारण नाही. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने मराठी शिकायची कोठे? सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी आणि शहरातल्या वाचनालयांनी मिळून पाळी सुटण्याच्या वेळेला विनामूल्य मराठी वर्ग चालवावेत, आणि ज्यांच्या घरी भाड्याची खोली रिकामी आहे, त्यांनी येत्या महिन्यात आडनाव विचारण्याआधी ती दाखवावी.